छोट्या नदीवर सॅल्मनसाठी शॉर्ट हेड फ्लाय लाईन: पूर्ण सीझन वापरल्यावर

फेब्रुवारीत घेतली आणि ऑक्टोबरअखेर स्कॉटलंडमधल्या डेव्हरन नदीचा सीझन बंद होईपर्यंत हीच लाईन रीलवर होती, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, अशा लाईन बरेच जण बनवतात आणि प्रश्न कंपनीचा नाहीचे, हेडच्या, म्हणजे लाईनच्या पुढच्या वजनदार भागाच्या, लांबीचा आहे.

मी मोठ्या नद्यांवर फारसा जात नाही. डी किंवा स्पेसारख्या नदीवर चौदा-पंधरा फुटी दोन हाती रॉड घेऊन उभं राहायचं तर चांगल्या बीटचं (मासेमारीला भाड्याने मिळणाऱ्या नदीच्या पट्ट्याचं) भाडं ऐकूनच घाम फुटतो. माझा सगळा कारभार बोगी, आयला, यूगी असल्या छोट्या नद्यांवर. पात्र दहा-पंधरा मीटर, मागे आल्डरची झाडं नाहीतर शेताची काटेरी तार, म्हणजे लाईन मागे फेकायला जागा शून्य. रॉड 10 फुटी, 8 नंबर, एक हाती.

ज्यांनी फ्लाय फिशिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, कोकणात गरवताना शिसं गरीला ओढत नेतं, इथे फ्लायला, म्हणजे पिसं-केस बांधून केलेल्या खोट्या आमिषाला, वजनच नसतं, फेकायचं सगळं वजन लाईनच्याच अंगात असतं. म्हणून लाईन चुकली की रॉड कितीही भारी असो, काही उपयोग नाही.

आता हिशोब बघा. 8 नंबर म्हणजे काय, तर लाईनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 210 ग्रेनच्या आसपास, साधारण 13.6 ग्रॅम. पण छोट्या नदीवर 30 फूट लाईन रॉडच्या बाहेर असते कधी? माझी नेहमीची फेक साधारण 13 मीटर, त्यातले 3 मीटर रॉड, 3 मीटर लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा), उरले 7 मीटर म्हणजे 23 फूट. नेहमीच्या वेट फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन असलेल्या) लाईनचे 23 फूट म्हणजे जेमतेम दीडशे-एकशेसाठ ग्रेन, तेवढ्यात 8 नंबरचा रॉड वाकतच नाही, नुसती काठी हलवल्यासारखं वाटतं आणि माणूस उगाच जोर लावत बसतो. पाकिटावर 8 लिहिलंय, रॉडवर 8 लिहिलंय, दुकानदार म्हणतो एकदम परफेक्ट मॅच, पण तो मॅच लांब फेकीचा आहे, आपल्या फेकीचा नाही.

मी घेतली तिचं हेड 23 फूट आणि वजन 280 ग्रेन, म्हणजे सगळं वजन तेवढ्या सात मीटरमध्येच कोंबलेलं. रोल कास्ट, सिंगल स्पे, स्नेक रोल (लाईन मागे पूर्ण न फेकता फेकायच्या पद्धती), सगळं अगदी कमी जागेत होतं कारण मागे लाईनचा जो इंग्रजी D सारखा आकार तयार होतो तो छोटा, पाठीशी दोन-अडीच मीटर मोकळे मिळाले तरी भागतं. पाण्याला चिकटलेला लीडर सुटताना रॉड खालपर्यंत वाकल्याचं हाताला कळतं आणि लाईन समोरच्या काठावरच्या फांदीखाली सरळ जाऊन पडते. जुन्या डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळत्या) लाईनने त्याच जागी मी अर्ध्या नदीतच अडकायचो.

फ्लोटिंगच घ्या. बुडणारी लाईन वेगळी घेण्यात पैसे घालवू नका, टोकाच्या लूपला पॉलिलीडर (कोटिंग केलेला, कमी-जास्त वेगाने बुडणारा लीडर) बदलला की झालं. पाऊस पडून गेल्यावर पाणी चढतं, गढूळ होतं, मग उतरायला लागतं आणि कोऱ्या चहाच्या रंगावर येतं, खरा मोका तोच, आणि असल्या नद्यांवर तो कधी कधी एका दिवसात संपतो. तेव्हा 5 फुटी फास्ट सिंक पॉलिलीडर आणि कास्केड फ्लाय, पाणी अजून उतरलं की इंटरमीजिएट (हळू बुडणारा) आणि छोटी स्टोट्स टेल फ्लाय. (गोड्या पाण्यात आल्यावर सॅल्मन काही खात नाही, तरी फ्लायवर का झेपावतो यावर इथले म्हातारे तासन् तास वाद घालतात, रविवारी तर जास्तच, कारण स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅल्मन धरायला कायद्याने बंदी आहे.)

आता तक्रारी. उन्हाळ्यात पाणी आटून काचेसारखं झालं की ही लाईन नकोच, एवढं वजन पाण्यावर पडतं तेव्हा चपकन आवाज येतो आणि उथळ डोहातला मासा जागचा हलतो, तेव्हा मी सरळ 7 नंबरची जुनी डबल टेपर लावतो. दुसरं, हेड पूर्ण बाहेर गेल्यावर पुढे मेंडिंग (पाण्यावर पडलेली लाईन उचलून प्रवाहाच्या वर वळवणं) होत नाही, मागची रनिंग लाईन इतकी बारीक की रॉड कितीही फिरवा, हेड ढिम्म हलत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत बधिर बोटांनी ती बारीक लाईन धरणं म्हणजे वैताग, वेटोळी पडून पहिल्या रिंगमध्येच गाठ. टोकाच्या लूपच्या वेल्डला ऑगस्टमध्ये बारीक चीर पडली, तिथे मी दोऱ्याने गुंडाळून वर यूव्ही गोंद लावला, अजून टिकलंय, पण सत्तर पौंडाच्या आसपास मोजल्यावर हे व्हायला नको होतं.

अजून एक, इथल्या मिजेस, म्हणजे ते बारीक चावरे किडे, त्यांच्यासाठी डीट असलेलं औषध फासत असाल तर तळहात पुसल्याशिवाय लाईनला हात लावू नका, डीट प्लास्टिकचं कोटिंग खातं. मी हाताच्या मागच्या बाजूनेच लावतो. आणि दर तीन-चार वेळांनी कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवून फडक्यातून ओढून घ्या, फडक्यावर जो काळपट चॉकलेटी पट्टा उठतो तो बघितला की रिंगमधून लाईन घासत का जात होती ते लगेच कळतं.

दुकानात गेलात तर नंबर विचारत बसू नका, हेड किती फुटांचं आणि किती ग्रेनचं एवढंच विचारा. 10 फुटी 8 नंबरला 22 ते 25 फूट आणि 270-290 ग्रेन, रॉड मऊ असेल तर थोडं कमी. दुकानदाराला हे आकडे माहीत नसतील तर खोक्यावर बारीक अक्षरात छापलेले असतात.