2011ची मोटरहोम, डॅशबोर्डचा हीटर आणि दहा रुपयांची क्लिप: पाच महिन्यांनंतर

आधी गाडीची थोडक्यात ओळख. आमची मोटरहोम म्हणजे जुनी सतरा सीटर, मागच्या सीटा काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. पलंग किती फुटी, इन्व्हर्टर केवढा, हे लिहीत बसत नाही. दसऱ्याला घेतली, आता मार्च संपत आलाय. साडेचार हजार किलोमीटर झाले आणि त्यातला निम्मा वेळ मी एकाच गोष्टीवर कुरकुरत होते. डॅशबोर्डचा हीटर.

"नाशिकला हीटर कशाला लागतो?" असं विचारणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे पाचला निफाडला उभं राहून दाखवावं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान पेपरात छापून येतं ते काही उगाच नाही. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ड्रिप सोडतात. आम्ही नणंदेच्या बागेशेजारी गाडी लावून झोपलो आणि पहाटे मांडूला निघालो. हीटर लावला. ब्लोअर पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि पायावर गार वारा. चांदवड येईपर्यंत मी शाल, त्यावर गोधडी आणि तोंडात नवऱ्याचा उद्धार अशा अवस्थेत. गाडी त्याने पसंत केली होती.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली. परतताना मालेगावला मुक्काम करून पहाटे निघालो, तर राहुड घाट चढताना वारा चक्क ऊबदार झाला. चढ संपून पिंपळगावकडची सपाटी लागली की पुन्हा गार. टेम्परेचरचा काटाही तसाच, घाटात जरा वर यायचा आणि सपाटीला खाली जाऊन बसायचा.

ओळखीतून कळलेल्या गॅरेजमध्ये हे सगळं सांगितलं. (नाव लिहीत नाही, पुन्हा त्याच रस्त्याने जायचंय.) मिस्त्रीने बोनेटही न उघडता निकाल दिला, "कोर गेला ताई. डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल. बावीस हजार धरून चाला." (कोर म्हणजे हीटरची डॅशबोर्डमागची छोटी जाळी.) आमचे हे तपासणीचे पाचशे रुपये द्यायला निघाले होते. मी म्हटलं, तपासलं काय ते आधी सांगा. त्यावर तो म्हणाला, "नाहीतर हीटर बायपास करून देतो, दोन पाइप जोडले की झालं. आपल्याकडे कोण वापरतं?" पाचशे दिले नाहीत. दोनशेवर मिटवलं आणि ते दोनशे अजून खुपतात.

आमचे सासरे, अण्णा, ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. वय 78. त्यांनी ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काचेवर आतून चिकट धुकं येतं का? गोडसर वास? पायाखालची चटई ओली?" काहीच नव्हतं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळीही जिथल्या तिथे. "मग कोर गळत नाही. आणि गाडी गरमच होत नसेल तर हीटर गरम कुठून देणार? त्याला काय स्वतःची शेगडी आहे?"

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं (मलाही वाटायचं) की हीटर म्हणजे एसीसारखं काहीतरी वेगळं यंत्र. इंजिनमधलं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, एवढाच तो प्रकार. इंजिन गार तर हवा गार.

अण्णांनी थंड गाडीचं झाकण उघडून थर्मोस्टॅटचं घर खोललं. (गरम गाडीचं रेडिएटर झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.) आत थर्मोस्टॅटच नाही! (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप.) आधीच्या मालकाच्या कुणा मिस्त्रीने काढून टाकलेला. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून आपल्याकडे सर्रास काढतात. मग कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, पहाटेच्या वाऱ्यात इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. घाटात इंजिनवर ताण आला की तेवढंच तापतं. राहुडचं कोडं सुटलं.

नवा थर्मोस्टॅट नाशिकच्याच द्वारकेहून आणला, गॅस्केटसकट सहाशे चाळीस. त्यावर 82 हा आकडा कोरलेला, म्हणजे साधारण तेवढ्या अंशाला तो उघडायला हवा. अण्णा म्हणाले, बसवायच्या आधी तपासायचा. कशात? तर सासूबाईंच्या चहाच्या पातेल्यात! दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, शेजारी माझा दुधाचा थर्मामीटर. आम्ही चौघं गॅसभोवती. सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी, काही नाही. 83ला मधली चकती केसभर उचलली गेली, मग हळूहळू पाकळीसारखी वर. अण्णांनी गॅस बंद केला तशी ती परत बसली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता हे पातेलं गाडीतच न्या." नेलं.

बसवल्यावर काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. मायलेज सव्वाआठवरून नऊच्या आसपास गेलं. इथपर्यंतचा अनुभव मी जानेवारीअखेर लिहिला होता आणि शेवटी "प्रश्न सुटला, पाचपैकी पाच" असं ठोकूनही दिलं होतं. ते मागे घेते.

कारण फेब्रुवारीत सापुताऱ्याला जाताना वणीच्या पुढे लक्षात आलं की काटा मध्यावर आहे आणि वारा फक्त कोमट. पायाला लागतोय, नाकाला नाही. घरी आल्यावर अण्णांनी मला हीटरचे दोन्ही पाइप धरायला लावले. एक इतका तापलेला की हात ठेववेना, दुसरा जेमतेम कोमट. दोन्ही गरम असायला हवेत. एक गरम, एक गार म्हणजे मध्ये कुठेतरी अडलंय.

कोर क्षाराने भरला असणार असं आम्ही धरलं. आधी बोअरचं पाणी भरलेलं असणार, आणि आपल्या बोअरचं पाणी किटलीचं काय करतं ते माहीतच आहे. इंजिन गार झाल्यावर दोन्ही पाइप सोडून बागेच्या नळीने उलट दिशेने पाणी सोडलं, जोर कमी ठेवून. आधी चहासारखं तांबूस आलं, मग स्वच्छ, आणि धार अगदी मोकळी. म्हणजे कोर अडलेलाच नव्हता! बावीस हजारवाल्याची मला तेव्हा फार आठवण आली.

मग राहिला कॉक, म्हणजे हीटरकडे गरम कूलंट सोडणारी तोटी; डॅशबोर्डवरचं बटण तिला केबलने फिरवतं. अण्णा खाली बघत बसले आणि मी आत बसून बटण फिरवलं. "फिरव." फिरवलं. "अगं, फिरव ना!" अण्णा, पूर्ण फिरवलंय. कॉकची दांडी अर्ध्यावरच थांबत होती. केबलचं बाहेरचं आवरण पकडणारी क्लिप तुटलेली, त्यामुळे तार ओढली की आवरणासकट सगळी केबल सरकायची आणि दांडी तिथेच. दहा रुपयांची क्लिप हो! ती नीट बसवली, दांडी टोकापर्यंत गेली. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, गाडीचं तोंड चढाकडे करून झाकण उघडं ठेवलं, थंड इंजिन चालू केलं आणि हीटर पूर्ण लावून बुडबुडे थांबेपर्यंत उभे राहिलो. हवा अडकली तरीही वारा गारच येतो. दहा मिनिटांनी मी स्वेटर काढला.

तक्रारी अजून आहेत. हा हीटर पुढच्या दोन सीटांपुरताच. मागचा पलंग बर्फच राहतो, म्हणून ड्रायव्हरच्या मागे जुन्या चादरीचा जाड पडदा लावलाय. त्याने पुढे फरक पडतो, मागे नाही. मागे ऊब हवी म्हणून आतमध्ये गॅसची शेगडी पेटवून झोपायचं मात्र डोक्यातही आणू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ब्लोअर अजूनही फक्त शेवटच्या स्पीडला चालतो. पहिल्या तीन स्पीडना गप्प, चौथ्याला गिरणी. अण्णा म्हणतात ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलाय, कारण चौथ्या स्पीडला करंट त्यातून जातच नाही. साडेतीनशेला मिळतो. पण आता मार्चमध्ये हीटर कोण लावतंय? दिवाळीनंतर बघू.