‘लिव्हर प्रोटेक्शन किट’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

यकृताचं ऑपरेशन ठरलेल्या घरांना गाठून ‘लिव्हर प्रोटेक्शन किट’ विकलं जातंय. आमच्याकडून त्याचे ३६ हजार उकळले. एवढं सविस्तर लिहितेय, कारण विकणारा अडाणी नव्हता आणि तो जे सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं.

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. केमो झाली, यकृतातल्या गाठी तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या. सर्जननी समजावलं होतं, की यकृत कापताना फार रक्त जातं, म्हणून तिकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मधूनमधून दाबून ठेवतात. घरी आल्यावर आईने विचारलं, “रक्तच बंद केलं तर लिव्हर जगेल कसं?” मी तोच प्रश्न पेशंटच्या नातेवाइकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि त्याच संध्याकाळी फोन आला.

“ताई, रक्त बंद असताना होतो तेवढाच त्रास नाही, ते परत सुरू होतं तेव्हा खरा घात होतो.” हे शंभर टक्के खरं आहे. रक्त थांबलं की पेशींतली ऊर्जा संपत जाते. मग प्राणवायू एकदम परत आला की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात, यकृतातल्या संरक्षक पेशी खवळतात आणि सूज वाढते. हे त्याने इतकं सोपं करून सांगितलं की आई म्हणाली, डॉक्टरांपेक्षा हा बरा. पूर्वी ट्रान्सप्लांट विभागात नोकरीला होतो, असंही त्याने सांगितलं. खरंखोटं देव जाणे.

मग मुख्य डाव. “अमेरिकेत विस्कॉन्सिनला एक द्रव शोधलाय. काढलेलं लिव्हर त्यात ठेवतात आणि ते तासन्‌तास टिकतं. त्यात ग्लुटाथिओन नावाचं, फ्री रॅडिकल्सना आवरणारं द्रव्य असतं. आपल्या पाकिटात तेच आहे.” सोबत द्रवाच्या पिशवीचा फोटो आणि उंदरांवरच्या एका संशोधनाचं पहिलं पान. शेवटी हळूच, “डॉक्टरांना सांगत बसू नका, त्यांना सप्लिमेंटचं वावडं असतं.” हे वाक्य कुणीही, कशाहीबद्दल उच्चारलं तर तिथेच फोन ठेवा. पैसे कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने मागितले. बिल म्हणून नुसता कच्चा कागद.

पाकिटं चकचकीत, सोनेरी, वर यकृताचं चित्र. मागच्या बाजूला भिंगाने वाचावं इतक्या बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर, म्हणजे कायद्याच्या भाषेत हा खाद्यपदार्थ. घटकांत ग्लुटाथिओन, सिलिमारिन, हळदीचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क.

भूल देण्याआधीच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी विचारलं, “काका, आणखी काय घेता?” बाबांनी सरळ खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, आधीच्या रिपोर्टपेक्षा बरंच वाढलेलं होतं. ऑपरेशन पुढे ढकललं. पाकिटांमुळेच वाढलं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, पण ग्रीन टीच्या आणि हळद-मिरीच्या तीव्र अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेलेत हेही सांगितलं. फोडणीतली हळद वेगळी, हा अर्क वेगळा. पाकिटं बंद केल्यावर आकडा उतरला.

विस्कॉन्सिनचा खुलासाही त्यांनीच केला. तो द्रव खरा आहे. १९८०च्या दशकात तिथल्या विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी तो तयार केला आणि त्यात ग्लुटाथिओन असतं हेही खरं. पण तो शरीराबाहेर काढलेल्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून सोडतात, आणि मग यकृत त्यातच चार अंशांच्या आसपासच्या थंडीत ठेवतात. थंडीत पेशींची भूकच मंदावते, टिकण्याचं मोठं कारण ते. तोंडाने घेतलेलं ग्लुटाथिओन बरंचसं आतड्यातच तुटतं. उंदरांचं म्हणाल तर, उंदरांना वाचवणारे पदार्थ ढिगाने आहेत. माणसाच्या ऑपरेशनमध्ये ठामपणे उपयोगी ठरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर फुकट मिळालं. वाहिन्या दाबण्याची युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जनने १९०८ साली मांडली. आता सहसा साधारण १५ मिनिटं दाबतात, ५ मिनिटं सोडतात, पुन्हा दाबतात. निरोगी यकृत हे सोसतं. शिवाय भूल देणारे शिरांमधला दाब कमी ठेवतात, म्हणजे मुळात रक्तच कमी जातं. घरच्यांच्या हातात काय, तर दारू पूर्ण बंद, आणि वेळ असेल तर डॉक्टरांना विचारून वजन उतरवणं, कारण चरबी साठलेलं यकृत हा धक्का नीट सोसत नाही. ट्रान्सप्लांटमध्ये तर यकृत जितकं लवकर पोचेल तितकं बरं, म्हणून पोलीस रस्ता मोकळा करून देतात. परदेशात काही ठिकाणी यंत्रातून प्राणवायूयुक्त द्रव किंवा रक्त फिरवत यकृत जपतात. पाकिटाला या सगळ्यात कुठेच जागा नाही.

पैसे मागितले तर म्हणाला, “सील फोडलंय, आता परत कसं घेणार?” वर नवीन ऑफर, एनएसीचं इंजेक्शन, “वॉर्डात माझा माणूस देईल.” एनएसी (एन-ॲसिटिलसिस्टीन) हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं उत्तम औषध आहे, म्हणजे इथेही अर्धं खरंच. मी नाही म्हटल्यावर नंबर ब्लॉक.

बाबांचं ऑपरेशन नंतर झालं, ते घरी आहेत, जेवणावरून कुरकुर करतात. पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिलाय. तुमच्याकडे असं किट आलं असेल तर न फोडलेलं एखादं पाकीट, यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवा; चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण आम्हाला किट विकणाऱ्याने सुरुवातीचे मेसेज डिलीट करून टाकले होते आणि विस्कॉन्सिनचा दावा आता माझ्याकडे फक्त आईच्या फोनवर फॉरवर्ड केलेला शिल्लक आहे.