एफआरआर: सातपूर-सिन्नरच्या जाळ्याला चालेल का?

चालेल, आणि चांगलं चालेल. फक्त आयपी पत्त्यांची आखणी आधी कागदावर झालेली हवी. एफआरआर हे लिनक्सवरचं मोफत राउटिंग सॉफ्टवेअर, म्हणजे साध्या पीसीला राउटर बनवणारं, २०१७ मध्ये क्वाग्गा नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं. इथे फक्त त्यातलं ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगण्याची पद्धत, पाहू, तेही एकाहून जास्त एरिया (जाळ्याचे भाग) असतील तेव्हाचं. मांडणी नाशिकमध्ये नेहमी दिसते तशी: अंबडला सर्व्हर, म्हणजे एरिया ०, सातपूरचा प्लांट एरिया १, सिन्नरचा एरिया २. दोन्ही प्लांटच्या बॉर्डर राउटरचा एक पाय एरिया ० मध्ये, दुसरा आपापल्या एरियात. त्यासाठी दोन पोर्टचा मिनी पीसी आणि डेबियन लिनक्स, एवढ्यात भागतं.

इन्स्टॉल केल्यावर ओएसपीएफ बंदच असतं. एफआरआरच्या डेमन्स फाइलमध्ये ओएसपीएफडीपुढचं (ओएसपीएफ चालवणारा प्रोग्रॅम) 'नो' काढून 'येस' करायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. लिनक्स कर्नलचं आयपी फॉरवर्डिंगही, म्हणजे एका पोर्टवर आलेलं पॅकेट दुसऱ्याने पुढे पाठवणं, चालू करा. ते राहिलं तर नेबर (शेजारचा राउटर) फुल, म्हणजे पूर्ण जुळलेला, दिसतो, रूट (रस्ते) दिसतात, पण पलीकडच्या प्रिंटरला पिंग काही जात नाही आणि लोक उगाच ओएसपीएफला शिव्या देतात.

आता मुख्य काम. सिन्नरच्या राउटरांचे टाइप १ आणि टाइप २ एलएसए (राउटर आणि त्यांच्या जोडण्यांची सविस्तर माहिती देणारे संदेश) सिन्नरबाहेर पडत नाहीत. बॉर्डर राउटर त्यांतून फक्त नेटवर्क आणि कॉस्ट (अंतराचा आकडा) उचलतो आणि टाइप ३ समरी, म्हणजे थोडक्यातली नोंद, म्हणून एरिया ० मध्ये सोडतो. सातपूरचा बॉर्डर राउटर तीच माहिती स्वतःची कॉस्ट मिळवून आत पुन्हा नव्याने सांगतो. म्हणजे सातपूरला सिन्नरचा नकाशा दिसत नाही, फक्त 'अमुक नेटवर्क, इतक्या अंतरावर' एवढं ऐकू येतं. ऐकीव माहितीत लूप (पॅकेट गोल गोल फिरणं) होऊ नये म्हणून सगळा व्यवहार एरिया ० मधूनच. कुणी मधला रस्ता म्हणून एरिया १ आणि २ ला जोडणारा, पण शून्यात पाय नसलेला राउटर टाकला, तर एफआरआर त्याला बॉर्डर राउटर मानतच नाही. लिंक चालू, नेबर फुल, रूट मात्र पलीकडे जात नाहीत. ही चूक फार जणांकडून होते.

खरा फायदा एरिया रेंजचा, म्हणजे एरियातले पत्ते एकाच रूटमध्ये गुंडाळण्याचा. सिन्नरला १०.२०.०.०/१६ मधलेच पत्ते दिले असतील तर बॉर्डर राउटरवर एका ओळीत त्यातले सगळे छोटे /२४ नेटवर्क झाकता येतात आणि बाहेर एकच रूट जातो. शेडमधला एखादा स्विच विजेमुळे दहा वेळा चालू-बंद झाला तरी सातपूरला पत्ता लागत नाही. यात एक खोच आहे: रेंजची कॉस्ट आतल्या सर्वांत लांबच्या नेटवर्कइतकी धरली जाते. नेमकं तेच खालीवर होत असेल तर समरीही हलत राहते. म्हणून रेंजसोबत कॉस्ट हाताने ठरवून द्या, जाळं शांत होतं. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस समरी' सातपूरला चालवून पाहा. रेंज नीट बसली असेल तर सिन्नरची एकच नोंद दिसेल.

प्लांट वायरगार्डवरून, म्हणजे इंटरनेटमधल्या एनक्रिप्टेड बोगद्यातून, जोडणार असाल तर प्रत्येक साइटला वेगळा इंटरफेस, नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट आणि अलाउड आयपीमध्ये (बोगद्यातून जाऊ द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) ओएसपीएफचा समूह पत्ता २२४.०.०.५ हवाच, नाहीतर शेजारी ओळखणारा हॅलो संदेश पोचत नाही. नेबर एक्सस्टार्टवर (फुलच्या आधीच्या टप्प्यावर) अडकला की आधी दोन्ही टोकांचं एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) पाहा, एकीकडे १४२० आणि दुसरीकडे १५०० निघतं. एमटीयू-इग्नोर टाकून नेबर फुल होईलही, पण मोठे अपडेट वाटेत गळू शकतात, आकडेच जुळवा. बोगद्याच्या इंटरफेसला खरा वेग नसतो, तिथे कॉस्ट हातानेच द्या.

सिन्नरला एकच बाहेरचा रस्ता असेल तर एरिया २ स्टब करा, म्हणजे ओएसपीएफबाहेरून आलेल्या रूटऐवजी त्याला एक डिफॉल्ट रूट मिळतो. 'स्टब' सगळ्या राउटरांवर लागतो, इतर एरियांच्या समरीही थांबवणारा 'नो-समरी' फक्त बॉर्डरवर. एका राउटरवर 'स्टब' टाकायचा राहिला तर त्याचा नेबरच जुळत नाही.

कमतरता? वेब स्क्रीन नाही, सगळं व्हीटीवायएसएच या कमांड स्क्रीनमध्ये टाइप करायचं. सिस्कोच्या राउटरांची सवय असलेल्याला तासाभरात हात बसतो. दोन-चार राउटरच असतील तर एरिया पाडण्याचा खटाटोप नको, सगळे शून्यातच ठेवा.