काळ्या थराखालची गवताची काडी

"ताई, हा एकच कॅन घरात ठेवा. चेन, बिजागऱ्या, कुलूप, ब्रेकची डिस्क, गाडीचं पोट, कुठेही मारा. गंजाचं नाव निघणार नाही."

दोन वर्षं ज्या गॅरेजमध्ये मी गाडी नेत होते, तिथल्या माणसाने हे सांगितलं आणि मी ते खरं धरलं. त्याने नुसतं सांगितलं नाही, करूनही दाखवलं. टेबलावरच्या लोखंडी पकडीत, म्हणजे व्हाइसमध्ये, एक गंजलेला बोल्ट अडकवलेला होता. त्यावर त्याने फवारा मारला, थोडा वेळ थांबला आणि पाना लावून नट फिरवला. किंचित कुरकुरला आणि सुटला. मग बोनेटखालचं फिकट पडलेलं प्लास्टिक त्याच स्प्रेने काळंभोर करून दाखवलं. मी चार कॅन घेतले आणि वर गाडीच्या पोटाला अँटी-रस्ट कोटिंग करायला सांगून आले. पाच वर्षांची गॅरंटी आहे, असं तो म्हणाला होता. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा खाली वाकून पाहिलं, सगळं एकसारखं काळं दिसत होतं. मला समाधान वाटलं.

पहिला दणका भावाच्या मोटारसायकलला बसला. त्याने त्यातलाच एक कॅन घेऊन चेनवर सढळ हाताने फवारलं. "डिस्कवरही चालतं" हे मीच त्याला सांगितलं होतं, त्यामुळे मागच्या डिस्कवर उडालेला फवारा पुसायचं त्याच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी वळणावर मागचा ब्रेक दाबला तर गाडी नुसती पुढे सरकत राहिली. वेग कमी होता आणि पुढचा ब्रेक शाबूत होता, म्हणून निभावलं. मेकॅनिकने पॅड काढून दाखवले. त्यांत तेल मुरलं होतं. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ झाली, पॅड मात्र बदलावेच लागले, कारण मुरलेलं तेल वरवर पुसून निघत नाही. डिस्कवर वंगणाचा कुठलाही स्प्रे जाता कामा नये, मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असो. जो माणूस हे काम करून पोट भरतो त्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

चेनचंही तेच. फवारल्यावर दोन दिवस ती गप्प होती, मग आवाज करायला लागली. आठवड्याभरात कड्यांवर तांबूस छटा आली. आजकालच्या बऱ्याच मोटारसायकलींच्या चेनमध्ये पिनांपाशी रबराच्या बारीक ओ-रिंग असतात आणि आतलं ग्रीस त्या धरून ठेवतात. बाहेरून मारायचं वंगण रोलर आणि स्प्रोकेटसाठी, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकासाठी असतं, गंज धरू नये म्हणून असतं आणि रबर लवचीक राहावं म्हणूनही. त्यासाठी खास चेनचं वंगण येतं. मारताना ते पातळ असतं म्हणून फटींत शिरतं, मग त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे पातळ करणारं द्रव, उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. ते गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने मारायचं आणि काही तास तसंच ठेवायचं. डिस्कच्या बाजूला जुनं कापड किंवा पुठ्ठा धरायचा. गाडी गिअरमध्ये ठेवून फिरत्या चेनवर कुणी हात नेऊ नये. स्प्रोकेट बोटाला दुसरी संधी देत नाही.

मग मी घरी एक साधा प्रयोग केला. काचेच्या तुकड्यावर तो स्प्रे मारला आणि शेजारी भावाने आणलेलं चेनचं वंगण. सकाळी चेनच्या वंगणाचा डाग बोटाला चिकटत होता. आमच्या "सगळ्यावर चालणाऱ्या" स्प्रेच्या जागी फक्त एक पुसट कडा उरली होती. म्हणजे कॅनमध्ये होतं ते जवळजवळ सगळं उडून जाणारं.

बोल्टचा तो प्रयोग खोटा नव्हता, आणि मी फसले ती नेमकी तिथे. पातळ तेल आणि सॉल्व्हंट गंजाच्या फटीत शिरतं आणि अडकलेला नट सुटतो, हे खरंच आहे. पण जे इतक्या सहज आत शिरतं ते टिकायला बनवलेलंच नसतं. नट सुटलेला मिनिटाभरात दिसतो. गंज रोखला गेला की नाही, हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात. त्या माणसाने पहिली गोष्ट दाखवली आणि दुसरी विकली.

"तो प्रसिद्ध निळा-पिवळा डबा असतो ना, तसंच आहे हे," असंही तो म्हणाला होता. त्या डब्याची गोष्ट मी नंतर वाचली. डब्ल्यूडी-४० हे नाव "वॉटर डिस्प्लेसमेंट", म्हणजे पाणी हटवणं, आणि चाळिसावा प्रयत्न यांवरून आलं. 1953 मध्ये सॅन दिएगोतल्या एका छोट्या कंपनीने तो तयार केला आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो वापरला गेला. तिथेही मुख्य काम पत्र्यावरचा ओलावा हटवून पातळ थर ठेवणं हेच होतं. त्या कंपनीनेसुद्धा चेनसाठी वेगळा, सिलिकॉनचा वेगळा, पांढऱ्या लिथियम ग्रीसचा वेगळा, असे कॅन काढले आहेत. एकाच डब्यात सगळं मावत असतं तर त्यांनी एवढा खटाटोप केला नसता.

आता कोटिंगबद्दल. आठ महिन्यांनी टायरच्या कामासाठी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली होती. तिथल्या मेकॅनिकने टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. दरवाजाखालच्या पट्टीवर त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. जोरही लावला नव्हता. तळहाताएवढा पोपडा सुटून माझ्या हातात पडला. वरून गुळगुळीत काळा. उलटा केला तर आत वाळलेल्या चिखलाचा थर, आणि त्या चिखलात एक गवताची काडी, अख्खी, जशीच्या तशी. म्हणजे गाडी साधी धुतलीसुद्धा नव्हती. चिखलावर, गवतावर, आधीच्या गंजावर सरसकट काळा रंग फवारला होता. पत्रा होता तिथे लालसर भुगा होता.

वाईट पुढेच होतं. त्या पट्टीच्या तळाला पाणी निघून जायला लहान भोकं असतात, दरवाजांच्या खालच्या कडेलाही असतात. ती सगळी रंगाने बुजली होती. मेकॅनिकने एकात तार घातली आणि तपकिरी पाण्याची धार लागली. माझ्या पायाशी थारोळं होईपर्यंत ती वाहत होती. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढंच लागतं. त्यातलं पाणी या कोटिंगने महिनोन्‌महिने आत कोंडून ठेवलं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खालून फुगत तो वरचा थर उचलून टाकतो. काहीच केलं नसतं तर गाडी बरी राहिली असती, असं तो मेकॅनिक म्हणाला. पट्टीला दोन जागी पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागला.

मी पोपडा घेऊन जुन्या गॅरेजमध्ये गेले. "गॅरंटी कंपनीची असते ताई, आम्ही फक्त मारून देतो." कुठल्या कंपनीची, ते सांगेना. माझ्याकडच्या पावतीवर "स्प्रे काम" एवढेच दोन शब्द होते. घरी येऊन कॅन नीट पाहिले तर बॅच नंबर नाही, तयार केल्याची तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. हे मी घेतानाच पाहायला हवं होतं.

कोटिंग करून घेणार असाल तर पावतीवर मालाचं पूर्ण नाव आणि गॅरंटी कोण देतंय ते लिहून घ्या. आधी पोट धुऊन पूर्ण वाळवणार का, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढणार का, हे विचारा आणि धुतल्यानंतरचे, फवारण्याआधीचे फोटो मागा. सकाळी गाडी देऊन संध्याकाळी परत मिळत असेल तर ती वाळली कधी, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. डिस्क, सायलेन्सर आणि सेन्सर झाकले पाहिजेत. भोकं उघडी राहिली पाहिजेत. गंज थोडा जरी धरला असेल तर कडक रबरी थरापेक्षा मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणकट पदार्थाचं) कोटिंग मला जास्त पटतं, कारण ते मऊ राहतं, फटींत सरकतं आणि खाली काय चाललंय ते पुढे तपासता येतं. ते अधूनमधून पुन्हा मारावं लागतं, तेवढी तयारी ठेवावी.

बाकीच्या जागा सोप्या आहेत. बिजागऱ्यांना पांढरं लिथियम ग्रीस, दरवाजाच्या आणि काचेच्या रबराला सिलिकॉन, कुलपाला ग्रॅफाइटची कोरडी पूड. खनिज तेलाने काही रबरं फुगतात, म्हणून रबरावर दिसेल तो स्प्रे मारू नका. बहुतेक कॅनमध्ये पेट घेणारा वायू असतो, तेव्हा तापलेल्या सायलेन्सरजवळ फवारू नका आणि उन्हात बंद गाडीत कॅन ठेवून जाऊ नका.

आणि असं स्वस्तातलं कोटिंग आधीच झालं असेल, तर या आठवड्यातच गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. दरवाजाखालच्या पट्ट्या बोथट टोकाने हलकेच टोकरून बघा, बुजलेली भोकं मोकळी करा. माझ्या गाडीची उजवी पट्टी वेल्ड केली. डावी मेकॅनिकने वेळेत उघडली आणि आत मेण मारलं. ती वाचली.