फुले अनुराधा ज्वारी: मुरमाड रानात दोन हंगाम पेरल्यावर सांगतोय

आमचं रान मंगळवेढा भागात. खालच्या अंगाला काळंभोर खोल रान आणि वरच्या अंगाला दोन एकर मुरमाड, फूटभर खणलं की कुदळ खणकन वाजते. खालच्या रानात मालदांडी ज्वारीच, तिथं दुसरं काही पेरायचा विचारसुद्धा करणार नाही. मोहोळच्या संशोधन फार्मवर १९३०च्या दशकात निवड करून काढलेला हा वाण आजही आमच्याकडं पहिल्या नंबरला आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तोही काही उगाच नाही.

पण आबा वरच्या तुकड्यातपण मालदांडीच टाकायचे आणि एक वर्ष बरं गेलं की पुढच्या वर्षी ज्वारी पोटरीतच (वरच्या पानाच्या गुंडाळीतच) अडकायची, कणीस निम्मं बाहेर निम्मं आत, निसवलीच तर दाणा चिमट. आम्ही म्हणायचो पाऊस कमी झाला. ते अर्धंच खरं होतं. रब्बी ज्वारीला पेरणीनंतर पाऊस जवळपास नसतोच, पावसाळ्यात जमिनीनं जेवढं पाणी धरलं तेवढ्यावरच तिला काढणीपर्यंत जायचं असतं. खोल काळं रान म्हणजे रांजण, मुरमाड म्हणजे तांब्या. मालदांडीला १२५-१३० दिवस लागतात, तांब्यातलं पाणी तिला तिथवर पुरणार कसं?

मध्ये एक वर्ष तालुक्यातल्या एका दुकानातून "दुष्काळातही भरघोस" असं छापलेली पिशवी आणली होती. कसल्या जमिनीसाठी, किती दिवसांची, पिशवीवर काहीच नाही आणि मीपण विचारलं नाही. उगवण छान, वाढ छान, आणि ऐन दाणा भरताना ताटं बुडापासून मोडून आडवी. चिरून बघितलं तर आत पोकळ, काळी भुकटी. खडखड्या रोग. दाणे भरताना पाण्याचा ताण बसला की ही बुरशी ताटात घुसते. त्या वर्षी कडबापण जनावरांनी नीट खाल्ला नाही, लय जीवाला लागलं.

मग फुले अनुराधा आणली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण, हलक्या जमिनीसाठीच काढलेला, १०५ ते ११० दिवसांत मोकळा. म्हणजे ओल संपायच्या आत हिचं काम उरकलेलं असतं, एवढं साधं गणित आहे. दुसरीपण एक वाट आहे, इथिओपियाच्या ज्वारीत सापडलेला स्टे-ग्रीन नावाचा गुण, त्यात पीक सुरुवातीला पाणी जपून वापरतं म्हणून शेवटी दाणा भरायला ओल उरते आणि पानं हिरवी राहतात, त्यावर इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं बरीच वर्षं काम केलंय. पण माझ्या फूटभर मातीत जपायलाच पाणी किती, तिथं लवकर येणारा वाणच पाहिजे असं माझं स्पष्ट मत.

पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरली, एकरी ४ किलो बी, काणी रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून. दोन्ही वर्षं कणीस पूर्ण निसवलं, दाणा टपोरा, एकही ताट खडखड्यानं पडलं नाही. एकरी साडेतीन-चार क्विंटल मिळाली. खालच्या रानाशी तुलना करू नका, त्या मुरमाडात आधी दोन क्विंटलची मारामार होती. भाकरी पांढरीशुभ्र, दुसऱ्या दिवशी पण मऊ. आईनं पहिली भाकरी मोडली आणि म्हणाली ही चालंल, आमच्या घरात याच्या पुढं सर्टिफिकेट नाही.

कमी काय म्हणाल तर कडबा. लवकर येणारी म्हणून ताट मालदांडीएवढं उंच होत नाही, पेंढ्या कमी भरतात, ज्यांच्या दावणीला चार-पाच जनावरं आहेत त्यांनी हे धरूनच चालायचं. आणि आमचा तुकडा आसपासच्या आधी पिकतो म्हणून सगळी पाखरं आमच्याकडंच, पंधरा दिवस राखण करावीच लागली. अर्धा स्टार त्याचा कापला, पाचपैकी साडेचार.

घ्यायच्या आधी आपल्या रानात एक खड्डा घ्या आणि माती किती खोल आहे ते मोजा. फूटभर असेल तर अनुराधा, दोन फुटांपर्यंत मध्यम असेल तर फुले सुचित्रा, त्याहून खोल भारी रान असेल तर फुले वसुधा किंवा आपली मालदांडी. आणि कोणताही वाण असला तरी आठव्या आठवड्याची दातेरी कोळप्याची (दाते असलेल्या कोळपणीच्या अवजाराची) पाळी चुकवू नका, जमिनीच्या भेगा बुजल्या नाहीत तर उरलीसुरली ओल तिथूनच उडून जाते.

हे हायब्रीड नाही त्यामुळं बी घरचं धरता येतं. मी तुकड्याच्या मधली, शेजारच्या ज्वारीपासून लांबची कणसं निवडून ठेवलीत, भेसळ नको म्हणून कडेची घेतली नाहीत. वरचे दोन्ही एकर यंदापण हिच्याखालीच.