कॉन्ट्रॅक्ट्यूबेक्स जेल: वणात हेपॅरिन पोचतं किती?

वणांवर लावायच्या या जेलच्या दर ग्रॅममध्ये ५० युनिट हेपॅरिन, १० टक्के कांद्याचा अर्क आणि १ टक्का ॲलंटॉइन (त्वचा मऊ करणारा घटक) असतं. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध, त्याचा वणाशी संबंध काय? संबंध पक्का आहे. जखमेत रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तिथल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींनाही डिवचतं. त्या वाढतात, कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणतात, काहींच्या मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कातडी आवळतात. जखम मिटल्यावरही हे चालूच राहिलं की वण लाल, जाड, ताठर होतो. हेपॅरिन रक्तातल्याच अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला हाताशी धरून थ्रॉम्बिनला अडवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्टची वाढही त्याने मंदावते.

पण प्रयोगशाळेतल्या पेशींवर कातडीचं झाकण नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून सहज जात नाही. हेपॅरिनचा सरासरी १५,००० च्या आसपास. शिवाय बोटाच्या पेरावर मावणाऱ्या अर्ध्या ग्रॅम जेलमध्ये जेमतेम २५ युनिट. म्हणून हेपॅरिनच्या नावावर फार भिस्त ठेवू नये. रोज हलक्या हाताने चोळण्याचा वाटाही या जेलच्या गुणात धरायला हवा.

लावायचं ते टाके निघून, खपली पडून, जखम पूर्ण मिटल्यावरच. ओल्या जखमेवर अजिबात नाही. दिवसातून दोन-तीनदा पातळ थर द्यावा आणि जिरेपर्यंत चोळावा. नवा वण रगडू नये. ओढ बसली की तो उलट चिडतो. जुना, कडक वण असेल तर रात्री जेलवर पट्टी बांधून ठेवावी. पंधरा दिवसांत काही दिसत नाही म्हणून ट्यूब बाजूला टाकणं ही नेहमीची चूक. काही महिने नेटाने लावावं लागतं. ऊन टाळावं, नाहीतर वण काळवंडतो. खाज किंवा पुरळ उठलं तर लगेच बंद करावं.

वण उंच होऊ लागला असेल तर आधी सिलिकॉनची पट्टी किंवा सिलिकॉनचं जेल. त्यामागचा पुरावा जास्त भक्कम आहे. जखमेची हद्द ओलांडून पसरणाऱ्या केलॉइडला कॉन्ट्रॅक्ट्यूबेक्स एकटं पुरणार नाही, तिथे त्वचारोगतज्ज्ञच हवेत.

आणि वणासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या कधीही घेऊ नयेत. फुप्फुसातल्या फायब्रोसिसवर, म्हणजे तिथे वणासारखे धागे साचण्याच्या आजारावर, वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी देऊन पाहिलेली चाचणी, औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त दिसल्याने, मुदतीआधीच थांबवावी लागली होती. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले.