कोकणात कयाक वाहून न्यायची तर पिकअप की ट्रेलर? पूर्ण हंगाम दोन्ही वापरल्यानंतर

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचत बसायला नको. चारपर्यंत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, असतील आणि कोकणातल्या गावरस्त्यांवरूनच फिरवायच्या असतील, तर नऊ फुटी हौद्याच्या पिकअपवर केबिनमागे एक भक्कम आडवी फ्रेम लावा आणि ट्रेलरचा विचार सोडून द्या. सहा-आठ कयाक असतील, ठिकाण एकच असेल आणि तिथे गाडी वळवायला ऐसपैस जागा असेल, तर मात्र ट्रेलरच चांगला. मी ऑक्टोबरपासून पावसाच्या तोंडापर्यंत दोन्ही पद्धती वापरल्या. गाडी तीच, कयाक त्याच, रस्तेही तेच. म्हणून ही तुलना कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं वाटतं.

आमचं घर मालवण तालुक्यात. आंब्याची बाग आहे, चार खोल्यांचं होमस्टे आहे आणि पाहुण्यांसाठी कयाक आहेत. तीन दुहेरी, म्हणजे दोघांच्या, साडेबारा फुटी, वर उघड्यावर बसायच्या. एक एकेरी, चौदा फुटी, लांब पल्ल्याची. सगळ्या पॉलिइथिलीनच्या. दुहेरीचं वजन साधारण 34 किलो, एकेरीचं 26. चारही मिळून दीडशे किलोसुद्धा होत नाहीत, त्यामुळे वजन हा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न लांबीचा आणि आकाराचा.

वाहतूक लागते कशाला, असं पाहुणेही विचारतात. खाडीत खरी मजा एका दिशेने जाण्यात आहे. मसुऱ्याजवळ गड नदीत उतरायचं आणि ओहोटीबरोबर कालावल खाडीकडे सरकत जायचं. पाणीच तुम्हाला नेतं, तुम्ही दोन्ही काठांची कांदळवनं बघत बसायचं. पण मग गाडी खालच्या टोकाला हजर हवी, कयाक पटापट चढायला हव्यात आणि पाहुण्यांना जेवणाच्या वेळेला घरी आणायला हवं. आचऱ्याच्या खाडीत तसंच, कर्लीतही तसंच. भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे कयाक चढवायला किती वेळ लागतो यावर दिवसाचं सगळं गणित बसतं.

आता हौद्याचं माप बघा. बोलेरो पिकअपचा हौदा लांबीला नऊ फूट आणि रुंदीला साडेपाच, म्हणजे 66 इंच. दुहेरी कयाकची रुंदी 34 इंच. दोन शेजारी-शेजारी आडव्या ठेवल्या तर 68 इंच होतात, म्हणजे त्या बसतच नाहीत. शिवाय साडेबारा फुटांची कयाक नऊ फुटांच्या हौद्यात सपाट ठेवली की साडेतीन फूट मागे लोंबते. बरेच जण हौद्याचा मागचा फाळका उघडून, टोकाला लाल फडकं बांधून नेतात. कृपा करून असं करू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 मध्ये पोटकलम 1अ आलं आहे. माल परवानगीपेक्षा जास्त पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीला गेला तर 20,000 रुपये दंड, आणि वर माल उतरवण्याचा खर्चही तुमच्याच माथी. दंड बाजूला ठेवला तरी, रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडासमोर प्लास्टिकचं टोक येतं, हे कारण पुरेसं आहे.

उपाय आमच्या गावच्या वेल्डरने काढला. केबिनच्या लगेच मागे, हौद्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टने आवळलेले दोन खांब आणि त्यावर केबिनच्या टपापेक्षा जरा उंच एक आडवा पाइप. कयाकची शेपटी हौद्याच्या तळाला, बंद फाळक्याच्या आत. तिथून ती तिरपी वर चढते, आडव्या पाइपवर टेकते आणि नाक केबिनच्या टपावर पुढे जातं. मागे काहीही लोंबत नाही. कयाक कडेवर, म्हणजे कुशीवर उभी ठेवायची. कुशीवर दुहेरी कयाक सुमारे 16 इंच जागा घेते, त्यामुळे तीन दुहेरी आणि एक एकेरी हौद्याच्या रुंदीत व्यवस्थित मावतात. आडव्या पाइपवर मध्येमध्ये फूटभर उंचीचे खुंट लावलेत, म्हणजे कयाक एकमेकींवर कलंडत नाहीत.

कुशीवर ठेवण्याचं कारण नीट समजून घ्या, कारण दुकानदारसुद्धा ते सांगत नाहीत. पॉलिइथिलीन उन्हात मऊ पडतं. एप्रिलमधल्या दुपारी तळावर सपाट ठेवून आवळलेली कयाक जिथे पाइपवर टेकलेली असते, तिथे खळगा पडतो. तळाला खळगा पडला की ती पाण्यात सरळ जात नाही, सारखी एका बाजूला ओढते. कडेचा भाग मात्र वळणामुळे मुळातच ताठ असतो, तो दाब सोसतो. आमच्याकडे कयाक पहिल्यांदा आल्या तेव्हा मालवाहतूकवाल्याने त्या एकावर एक रचून दोरीने करकचून बांधल्या होत्या. दोन कयाकच्या तळाला तळहाताएवढे खळगे पडले होते. चार दिवस अंगणात उन्हात पालथ्या ठेवल्यावर ते बरेचसे भरून आले. प्लास्टिकला आपला मूळ आकार आठवतो, त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

बांधायला रॅचेटचे, म्हणजे खटक्याच्या दांडीने आवळायचे, पट्टे घेऊ नका. रॅचेटची ताकद लोखंडी माल आवळण्यासाठी असते; दोन खटके जास्त बसले की कयाकची कूस आत जाते आणि हाताला ते कळतही नाही. एक इंच रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा आणि साधं दाताचं, म्हणजे कॅम बकल घ्या. हाताने ओढून जेवढा ताण येतो, तेवढाच कयाकला हवा असतो. नायलॉनची दोरी भिजली की ताणते आणि अर्ध्या वाटेत सगळं सैल होतं. पट्टा लावताना त्याला एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि इतका घोंगावतो की गाडीतल्या माणसांचं डोकं उठतं. एका पिळाने तो आवाज जवळजवळ बंद होतो. बकलखाली जाड कापड किंवा फोम ठेवा, नाहीतर ते प्लास्टिक कोरत बसतं.

पट्ट्यांखेरीज नाकाला वेगळी दोरी हवीच. वेग वाढला की पुढून येणारा वारा केबिनवरच्या नाकाखाली शिरतो आणि त्याला वर उचलतो. नाकाच्या कडीतून दोरी खाली आणून पुढच्या बंपरखालच्या हुकाला बांधायची. ट्रकवाले ताडपत्री आवळताना दोरीत फासा काढून त्यातून टोक ओढतात, तीच गाठ इथे चालते आणि एका झटक्यात सुटते. ही दोरी काचेसमोर दिसत राहते, हा तिचा दुसरा फायदा. ती सैल पडली की काहीतरी हललंय हे थांबून बघायच्या आत कळतं.

फ्रेमबद्दल जे खास सांगायचंय ते गंजाबद्दल. खारी हवा लोखंड खाते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत. म्हणून जीआय पाइप घेतला. पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यावरचा जस्ताचा थर जळून जातो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. आमच्या वेल्डरकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सांधो उघडो ठेवलास तर ह्यां वर्षभरात गंजतला." त्यांच्या सांगण्यावरून सांधे घासून त्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात मारले. हंगाम संपताना तपासलं तर सांधे स्वच्छ होते. गंज आला तो बोल्टांवर, कारण ते बाजारातले साधे होते. आता स्टेनलेसचे घातलेत. फ्रेमला साहित्य-मजुरी धरून साडेनऊ हजार रुपये लागले, आणि ते पैसे सार्थकी लागले असं मी मनापासून म्हणेन.

आडव्या पाइपवर एक मोठा पीव्हीसी पाइप सैल चढवलाय, तो फिरतो. हौद्यात चढून कुणी ओढायची गरज पडत नाही. फाळका उघडायचा, कयाकचं नाक हौद्यात टेकवायचं, मागून उचलून ढकलायचं. नाक वर चढून पाइपवर आलं की ती आपोआप पुढे सरकते. शेवटी शेपटी आत घेऊन फाळका लावायचा. दोन माणसांत चार कयाक बांधून तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेपटीखाली गोठ्यात गुरांसाठी अंथरतात तसली जाड रबरी मॅट टाकलीय. सगळ्या सोयींत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ठरली. रिकाम्या पिकअपचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा, फार कडक असतात, दीडशे किलोला ते जुमानत नाहीत. प्रत्येक खड्ड्यात शेपटी आदळते आणि तो मार मॅट घेते. मॅट नसताना एकेरी कयाकच्या शेपटीचं प्लास्टिक महिनाभरात खरवडलं गेलं होतं.

उंची मात्र लक्षात ठेवावी लागते. कुशीवर उभ्या कयाकचा वरचा भाग जमिनीपासून साडेआठ फुटांच्या आसपास जातो. महामार्गावर काहीच अडचण नाही. वाडीतल्या रस्त्यावर फणसाच्या फांद्या आणि आडव्या टाकलेल्या केबलच्या तारा हाच खरा अडथळा. नवीन रस्त्यावर शिरण्याआधी एक जण उतरून पुढे चालतो.

आता ट्रेलर. जुना पण कागदपत्रं पूर्ण असलेला दोन चाकी ट्रेलर घेतला होता. कागदपत्रांवर जोर देतोय कारण ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. कुणी "नुसता वेल्डरकडून बनवून घे, कोण विचारतं" असं म्हणालं तर ऐकू नका.

ट्रेलरचं सुख एकच, पण ते मोठं आहे. कयाक कमरेच्या उंचीवर चढतात. माझी आई साठी ओलांडलेली आहे, तिनेसुद्धा एक टोक धरलं आणि आरामात ठेवलं. ज्यांच्याकडे मदतीला माणसं कमी आहेत किंवा ज्यांची पाठ दुखते, त्यांच्यासाठी ही गोष्ट बाकी सगळ्या तक्रारींना पुरून उरेल.

तक्रारी मात्र बऱ्याच आहेत. आमच्या वाडीतल्या वाटा दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांनी बांधलेल्या. समोरून रिक्षा आली तर पिकअप दहा पावलं मागे घेता येते. ट्रेलर लावला की मागे घेणं ही वेगळीच विद्या होते, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. छोटा ट्रेलर तर लांब ट्रेलरपेक्षा पटकन दुमडतो. खाडीकाठच्या उतारावर, चिखलात, पाहुणे बघत असताना हे करणं मला तरी नकोसं झालं.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. उतारावर पाण्याजवळ नेताना चाकं खाऱ्या पाण्यात गेली की पाणी हबमध्ये शिरतं. लगेच गोड्या पाण्याने धुवून, उघडून नवीन ग्रीस भरलं नाही तर पंधरवड्यात घरघर सुरू होते. कयाक चाकांच्या छोट्या ढकलगाडीवरून पाण्यापर्यंत नेणं आणि ट्रेलर कोरड्यावर ठेवणं, हाच मार्ग. ट्रेलरच्या दिव्यांच्या जोडणीतही खारी हवा शिरते. निघण्याआधी ब्रेकलाइट आणि इंडिकेटर रोज तपासायचे, यात सूट नाही.

ट्रेलर घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. ट्रेलर गाडीला जोडणारा दांडा लांब हवा. कयाकचं नाक दांड्याच्या वर पुढे येतं आणि दांडा आखूड असेल तर घाटातल्या वळणावर ते गाडीच्या फाळक्याला घासतं. फोंडा घाटात आम्ही नाक आणि फाळका यांच्यातलं अंतर प्रत्येक अवघड वळणावर बघत गेलो. दोन हात मोकळे होते म्हणून निभावलं. दुसरं म्हणजे पाटे. बाजारातले ट्रेलर पाऊण टन मालाच्या हिशेबाने बनतात. त्यावर दीडशे किलो ठेवले तर ट्रेलर रस्त्यावर उड्या मारतो आणि पट्टे सैल होतात. आम्ही प्रत्येक बाजूचे दोन पाटे काढून टाकले, मग तो शांत झाला. वजनही थोडं पुढे, दांड्याच्या बाजूला झुकतं ठेवायचं. मागे जास्त झालं की वेगात ट्रेलर डोलायला लागतो, आणि ते फार धोक्याचं आहे.

मार्चमध्ये आंबा सुरू झाला आणि निर्णय आपोआप झाला. सकाळी पेट्या भरून गाडी जायची, दुपारी पाहुणे. फ्रेम आठ बोल्टांवर आहे, ती लावून ठेवली तरी क्रेटना अडत नाही, उलट ताडपत्री बांधायला आधार होतो. ट्रेलर मात्र तेवढे महिने बहुतेक वेळ माडाखाली नुसता उभा होता, टायर उन्हात तडकत. तो आता तारकर्लीच्या एका ओळखीच्या माणसाला दिला. त्याच्याकडे आठ कयाक आहेत आणि सगळं काम एकाच किनाऱ्यावरचं, तिथे तो छान उपयोगी पडतोय.

फ्रेममध्ये पुढच्या हंगामासाठी एकच बदल करणार आहे. खुंटांवर एसीच्या पाइपवर असतं तसलं काळं फोम चढवलं होतं, ते उन्हाने भुगा होऊन गळलं. त्याऐवजी आता जाड ईव्हीए फोमच्या नळ्या, वरून कॅनव्हासची शिवलेली खोळ. आणि गाडी उन्हात तासभर उभी राहणार असेल तर पट्टे थोडे सैल करून ठेवणं, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. निघताना पुन्हा आवळायला दोन मिनिटं लागतात.